डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे परत मागू नका

डिसेंबरच्या सुट्टीत कोकणात कुठल्याही किनाऱ्यावर जा, कर्दे, मुरुड, हर्णै, गुहागर, तारकर्ली, नाहीतर खाली गोव्यात सिकेरी, पाळोळे, सकाळी सातला चहाच्या टपरीपाशी एकच वाक्य कानावर येतं, 'डॉल्फिन शंभर टक्के, नाय दिसले तर पैसे परत'. काही ठिकाणी तर बोर्डच रंगवलेला असतो. आपल्याला हे ऐकून बरं वाटतं, कारण चार माणसांचे पैसे भरायचे, पोरांना पहाटे उठवायचं आणि काहीच न बघता परत यायचं म्हणजे जीवावर येतं. पण मला विचाराल तर किनाऱ्यावरच्या या बोट ट्रिपांमध्ये जे काही बिघडलंय ना, त्यातलं बरंचसं या एका गॅरंटीमुळे बिघडलंय, आणि ती गॅरंटी बोटवाल्यांच्या डोक्यातून आलेली नाही, ती आपण त्यांच्याकडून घासाघीस करून काढून घेतलेली आहे.

बघा ना हिशोब काय होतो. बोटवाल्याने डिझेल किंवा पेट्रोल आधीच टाकलेलं असतं, बरोबरच्या पोऱ्याची मजुरी असते, सीझन जेमतेम ऑक्टोबर ते मे, त्यातही खरी गर्दी दिवाळी, नाताळ, जोडून आलेल्या सुट्ट्या आणि मे महिना. एका फेरीत डॉल्फिन नाही दिसले आणि दहा जणांचे पैसे परत द्यावे लागले की त्या सकाळची कमाई गेली, वर इंधनाचा खर्च अंगावर. मग तो काय करणार? एकाला पंख दिसला की तो बाकीच्यांना फोन करतो (यात वाईट काही नाही, एकमेकांना सांभाळूनच धंदा चालतो), आणि पाच-दहा मिनिटांत तिथे दहा-बारा बोटी जमतात. डॉल्फिन डावीकडे गेले की सगळ्या डावीकडे, उजवीकडे वळले की इंजिन फुल, पुढे जाऊन आडवं व्हायचं, कारण मागून नुसती पाठ दिसते आणि फोटो समोरून पाहिजे. बोटीतून आवाज येत असतात, 'ओ दादा, जवळ घ्या ना जरा', 'त्या बोटीला कसे दिसले, आम्हाला का नाही?' मालवणकडचा एखादा म्हातारा तांडेल (बोटीचा म्होरक्या) म्हणतोही, 'थांबा वायच, वर येतले', पण थांबायला कोणी तयार नसतं, आणि शेजारचा थांबत नाही म्हटल्यावर ह्याने थांबून स्वतःचे पैसे का बुडवायचे?

आता हे डॉल्फिन कोण आहेत ते बघू. टीव्हीवर कोलांट्या मारणारे असतात ते हे नव्हेत. आपल्या किनाऱ्याला जवळपास दिसतात ते मुख्यतः हंपबॅक डॉल्फिन, पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पंख. हा प्राणी उथळ पाण्यातला, किनाऱ्याला धरून राहणारा, खाडीच्या तोंडाशी जिथे गोडं आणि खारं पाणी मिसळतं तिथे मासे मारणारा. म्हणजे त्याचं घर आणि आपला बीच ही जवळजवळ एकच जागा आहे, म्हणून तर तो अर्ध्या तासाच्या ट्रिपमध्ये दिसतो. आणि म्हणूनच त्याला पळून जायला जागा नाही, खोल समुद्र हा काही त्याचा मुलूख नाही. आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या जागतिक संघटनेने 2017 मध्ये हिंदी महासागरातल्या या हंपबॅक डॉल्फिनला धोक्यात आलेल्या प्रजातींमध्ये टाकलं. लोक सांगतात की अहो, डॉल्फिनला बोटीबरोबर खेळायला आवडतं, आम्ही व्हिडिओ बघितलेत. ते खरंय, पण ते खोल समुद्रातल्या स्पिनरसारख्या जातींचं, बोटीच्या नाळेपुढच्या लाटेवर स्वार होऊन ते पळतात. हंपबॅक सहसा असलं काही करत नाही, तो बुजरा आहे, बोट अंगावर आली की बुडी मारतो आणि भलतीकडे वर येतो. आपण त्याला लपाछपी म्हणून टाळ्या वाजवतो.

शिवाय पाण्याखाली डोळ्यांचा उपयोग कमी. आपल्या खाड्यांच्या गढूळ पाण्यात तर हातभरावरचं दिसत नाही, हे प्राणी आवाजावर जगतात. मासा शोधणं, पिल्लाला बोलावणं, कळपाला धरून राहणं, सगळं आवाजाने. दहा आऊटबोर्ड इंजिनं एकाच वेळी भोवती घरघरत असतील तर त्या आईला पिल्लाचा आवाज कसा ऐकू जाईल याचा विचार सेल्फी काढताना कोणी करत नाही, करणार तरी कसा, कोणी सांगितलंच नाही तर.

कायद्याचं म्हणाल तर वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि हा डॉल्फिन त्यात पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. त्या कायद्यातली शिकारीची व्याख्या जरा शांतपणे वाचून बघा. शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही, पाठलाग करणं, हाकणं, आमिष दाखवणं आणि तसा प्रयत्न करणं हेसुद्धा त्यात आहे. मी वकील नाही, आणि बोटवाल्यांवर केसेस टाका असं तर मुळीच म्हणत नाहीये, तसं झालं तर सगळ्यात आधी मी त्यांच्या बाजूने उभा राहीन. पण ताडोब्यात जिप्सीवाल्याने वाघीण आणि बछड्यांच्या मध्ये गाडी घातली तर दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते, गाडीवर बंदी येते, आणि इथे डॉल्फिनची मादी आणि पिल्लू यांच्यामधून बोट गेली तर आपण शिट्ट्या मारतो. बोटीचं लायसन्स, माणसं किती भरायची, लाईफ जॅकेट आहेत की नाही हे मेरीटाईम बोर्ड बघतं, आणि डिसेंबर 2024 मध्ये घारापुरीच्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकून माणसं गेली त्यानंतर तर लाईफ जॅकेटचं जरा जास्तच मनावर घेतलं गेलं, चांगलंच झालं. पण बोटीने प्राण्याशी कसं वागायचं हे किनाऱ्यावरच्या कुठल्या बोर्डावर लिहिलेलं दिसतं का सांगा. दरपत्रकाच्या खाली दोन ओळी सुद्धा नसतात.

डॉल्फिनला निदान लोक नावाने ओळखतात. पक्ष्यांचं तर विचारूच नका. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचा तो पट्टा आहे, ज्याला आता सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात, हिवाळ्यात तिथे कुरव आणि सुरय (इंग्रजीत गल आणि टर्न) थव्याने बसलेले असतात. बसलेले म्हणजे आराम चालू असतो, पहाटेपासून मासे मारून झालेले असतात, भरती चढेपर्यंत जरा टेकायचं आणि पंख साफ करायचे. यातले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडच्या तलावांवर पिल्लं वाढवून हिमालय ओलांडून इथे येतात. आणि आपण काय करतो, बोट थेट त्या पट्ट्याला लावतो, पोरांना सांगतो 'जा पळत जा', पोरं पळतात, थवा उडतो, आपण स्लो मोशन व्हिडिओ काढतो, रील तयार. थवा फिरून परत बसतो न बसतो तोच दुसरी बोट लागते. दिवसभर हेच. प्रत्येक उड्डाणाला ताकद लागते आणि ती ताकद मार्च-एप्रिलमध्ये परत जायला साठवायची असते. चिखल्या नावाचे मूठभर पक्षी असतात वाळूवर तुरुतुरु पळणारे, त्यांच्याकडे तर कोणाचं लक्षही जात नाही, तेही तितक्याच लांबून आलेले असतात.

आणि मग खायला घालणं. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीत हिवाळ्यात बसा, अर्धी बोट वरच्या डेकवर कुरवांना शेव, गाठी, वेफर्स भरवत असते. पुण्य मिळतं म्हणून भरवणारे वेगळे आणि हातातून घेतानाचा फोटो पाहिजे म्हणून भरवणारे वेगळे, पक्ष्याच्या पोटात जातं ते तेच, मीठ आणि तेलात तळलेलं बेसन. समुद्र तर दूरच, उजनीच्या बॅकवॉटरला भिगवणला जाऊन बघा, तिथे मोठ्या लेन्सवाल्यांसाठी कुरवांना खाऊ टाकून बोटीजवळ बोलावलं जातं. हे शेववाले नव्हेत हां, हे स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवणारे.

त्यांच्यावरून आठवलं, आपल्या पक्षीनिरीक्षक मंडळींबद्दल पण बोललं पाहिजे, कारण सगळं खापर 'टुरिस्ट' नावाच्या कोणा तिसऱ्यावर फोडायची आपल्याला सवय आहे. गेल्या काही वर्षांत खोल समुद्रातले पक्षी बघायच्या ट्रिप सुरू झाल्यात, मासेमारीची बोट भाड्याने घ्यायची, पहाटे निघायचं, किनारा दिसेनासा होईपर्यंत जायचं आणि वादळपाखरं, शिअरवॉटर, स्कुआ शोधायचे. सुंदर प्रकार आहे, उलट्या होऊन जीव नकोसा झाला तरी सुंदर आहे. हे पक्षी बाकी वेळी आपल्याला कधी भेटतात तर पावसाळ्यात वादळाने ढकलून आणल्यावर, एखादा दमलेला मास्क्ड बूबी किनाऱ्यावर सापडतो तेव्हा. पण तिथेही यादीचा रोग आहेच. नवीन जात दिसली की कॅप्टनला ओरडून बोट तिच्या मागे लावायची, ती पाण्यावर बसली की आणखी जवळ, फोटो शार्प येईपर्यंत.

वेंगुर्ल्याच्या बंदराबाहेर जे खडक आहेत, दीपगृह आहे तिथे, त्यांचा तर वेगळाच विषय. हुमायूं अब्दुलालींनी 1940 च्या दशकात तिथल्या सुरयांबद्दल आणि गुहेतल्या पाकोळ्यांबद्दल बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या (बीएनएचएस) जर्नलमध्ये लिहिलं होतं, म्हणजे ही जागा काही आज सापडलेली नाही. पाकोळीची घरटी लाळेची असतात आणि परदेशात त्यांचं सूप करतात म्हणून तिथून घरट्यांची तस्करी झाली. सुरय उन्हाळ्यात उघड्या खडकावर अंडी घालतात. आता विचार करा, मे महिन्याचं ऊन, तापलेला कातळ, आणि पंधरा जण कॅमेरे घेऊन खडकावर उतरले म्हणून पक्षी उठला. अंड्यावर सावली त्या पक्ष्याचीच होती. अशा ठिकाणी विणीच्या हंगामात बोट लावायची नाही, लांबून फेरी मारून परत यायचं, यावर चर्चा कसली करायची. संशोधनाची परवानगी घेऊन जाणारे वेगळे, बाकी कोणाची कितीही मोठी लेन्स असली तरी नाही म्हणजे नाही.

इथपर्यंत वाचून कोणीतरी म्हणणारच की मग काय, बोटी बंद करायच्या? गरिबाच्या पोटावर पाय? अजिबात नाही. उलट मला वाटतं या बोटी चालल्या पाहिजेत आणि नीट पैसे मिळवून चालल्या पाहिजेत. यातल्या कितीतरी जणांच्या घरी पिढ्यानपिढ्या मासेमारीच होती. पर्ससीन (माशांचा अख्खा थवा घेरणारं मोठं जाळं) आणि रात्री दिव्याने मासे गोळा करणाऱ्या एलईडी लाईटवाल्यांनी जे काही केलं त्यानंतर छोट्या होडीवाल्याच्या जाळ्यात येतंय काय? 2016 मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध आणले, एलईडी मासेमारीवर 2017 पासून बंदी आहे, तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहून समुद्रात बघितलं की दिवे मोजता येतात. अशा वेळी होडीला चार बाकडी ठोकून पर्यटक फिरवणं हा त्या माणसाने शोधलेला मार्ग आहे. आणि वरून नियम लादण्याचं काय होतं हे मालवणात बघून झालंय. 1987 मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, जेमतेम 29 चौरस किलोमीटरचं, गावाला विश्वासात घेतलं नाही, मासेमारी बंद होणार या धास्तीने विरोध झाला तो आजपर्यंत पुरला. अभयारण्य कागदावर आणि लोकांच्या मनात वनखात्याबद्दल अढी, दोन्ही पक्कं.

म्हणून मी म्हणतो, बंदी नको, गॅरंटी बंद करा. पैसे डॉल्फिनचे घेऊ नका, फेरीचे घ्या. तास-सव्वा तास समुद्रावर फिरवणार, किल्ला दाखवणार, खाडीचं तोंड दाखवणार, कुठले पक्षी आहेत ते सांगणार, डॉल्फिन दिसले तर दिसले. दर एकच, दिसोत न दिसोत. पैसे परत द्यायची भीती गेली की पाठलाग करायचं कारणच राहत नाही, बोट इंजिन न्यूट्रलवर टाकून लांब उभी राहू शकते, आणि गंमत म्हणजे असं शांत उभं राहिलं की डॉल्फिन जास्त वेळ दिसतात, हे जुन्या तांडेलांना आपल्यापेक्षा जास्त माहिती आहे.

लगेच कोणी म्हणेल की गॅरंटी काढली तर गिऱ्हाईक येणार नाही. मग वेळासला कसं येतं? मंडणगड तालुक्यातलं एका कोपऱ्यातलं गाव, 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाचवायचं काम सुरू केलं, 2006 पासून कासव महोत्सव चालू आहे. तिथे ठरलेल्या वेळी, सकाळी आणि संध्याकाळी, अंड्यांच्या खड्ड्यावर झाकलेली टोपली उचलून बघतात, पिल्लं वर आली असतील तर पाण्याकडे सोडतात, नसतील तर नाही. पुण्या-मुंबईहून आठ-आठ तास प्रवास करून आलेली माणसं कितीतरी वेळा एकही पिल्लू न बघता घरगुती जेवण जेवून, भरतीचा आवाज ऐकत झोपून परत जातात, आणि कोणी गावाकडे पैसे परत मागत नाही. कारण पहिल्या दिवसापासून गावाने सांगितलंय की हे निसर्गाच्या हातात आहे. दोरी बांधलेली असते तिच्या आतच उभं राहायचं, फ्लॅश मारायचा नाही, पिल्लाला हात लावायचा नाही. हे सांगणारा गावातलाच पोरगा असतो आणि शहरातले साहेब निमूट ऐकतात. तेच साहेब कर्द्याला बोटीत बसले की 'जवळ घ्या' म्हणून ओरडतात. माणूस तोच आहे, त्याला काय विकलं जातंय त्याप्रमाणे तो वागतो.

वेंगुर्ल्यातच मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका 2017 पासून कांदळवन सफारी चालवतात, होडी वल्हवत नेतात आणि झाडं, खेकडे, पक्षी दाखवत सगळं समजावून सांगतात. ऐरोलीला वनखात्याची फ्लेमिंगो सफारी आहे, ठाणे खाडीचं अभयारण्य 2015 चं, 2022 मध्ये रामसर या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत गेलं, तिथे बोटीची वेळ भरती-ओहोटी ठरवते, आपण नाही, आणि मुंबईकर, ज्याला लोकल दोन मिनिटं लेट झालेली चालत नाही, तोही गुपचूप ती वेळ पाळतो. म्हणजे होतं, करायचं ठरवलं तर होतं.

बाकी नियम काही फार मोठे नकोत आणि ते मंत्रालयात बसून करायचे पण नाहीत. बहुतेक किनाऱ्यांवर बोटवाल्यांची संघटना आहेच, नंबर लावायची पद्धत आहेच, कुठली बोट आधी सुटणार हे ते भांडण न करता ठरवतात. त्याच नंबरात एवढं घालायचं की एका कळपापाशी एका वेळी दोन किंवा तीन बोटी, बाकीच्यांनी मागे थांबायचं, दहा-पंधरा मिनिटं झाली की पुढच्याला जागा द्यायची. पन्नास मीटरच्या आत आपणहून जायचं नाही, ते स्वतः आले तर इंजिन थांबवायचं, पुढून आडवं जायचं नाही, पिल्लू असेल तर लवकर निघायचं. वाळूच्या पट्ट्यावर पक्षी बसतात ती बाजू चार बांबू आणि दोरी लावून सोडून द्यायची. खायला टाकायचं नाही, बोटवाल्याने हे बोटीत चढतानाच सांगायचं. मोडलं तर संघटनेने त्या बोटीचा दोन दिवस नंबर काढायचा, याच्याइतका धाक कुठल्याही सरकारी दंडाचा नाही. सरकारने काय करायचं, तर पैसे घालायचे. जाळ्यात अडकलेलं कासव किंवा डॉल्फिन जाळं कापून सोडलं तर मच्छीमाराला पंचवीस हजारापर्यंत भरपाई मिळते, 2018 च्या शेवटी राज्याने ही योजना आणली आणि मच्छीमार आज स्वतः व्हिडिओ काढून पाठवतात. मग जी संघटना नियम पाळते तिला ट्रेनिंग, दुर्बिणी, चांगलं इंजिन घ्यायला मदत, वनखात्याचा किंवा पर्यटन खात्याचा शिक्का, एवढं नाही करता येणार?

आता एक आक्षेप मात्र मला खरंच वजनदार वाटतो. लोक म्हणतात, खरा धोका बोट ट्रिप नाहीच, खरा धोका जाळी, गटाराचं पाणी, बंदरं. पालघर जिल्ह्यात वाढवणला 76 हजार कोटींचं बंदर होतंय आणि तुम्ही फायबरच्या होडीवाल्याला पन्नास मीटर शिकवताय? बरोबर आहे. जाळ्यात अडकून मरणाऱ्या डॉल्फिनपुढे ट्रिपचा त्रास लहान आहे हे मान्य. पण हंपबॅक डॉल्फिन, सुरय, कुरव यांच्या बाजूने बंदराच्या सुनावणीत बोलायला उभं कोण राहणार? ज्याने त्यांना नीट बघितलंय तोच. आणि आत्ताच्या ट्रिपमधून उतरणाऱ्या माणसाने काय बघितलेलं असतं, दहा बोटींच्या गराड्यात क्षणभर वर आलेली एक राखाडी पाठ आणि मोबाईलची स्क्रीन. त्याला त्या प्राण्याचं नावही कोणी सांगितलेलं नसतं. असा माणूस हॉटेलवर जाऊन पाच स्टार देईल, सुनावणीला येणार नाही.

पावसाळ्यात जलपर्यटन बंद असतं, होड्या शाकारून वर ओढलेल्या असतात, बोटवाले घरी असतात. संघटनेची मीटिंग घ्यायला याच्याइतका चांगला काळ नाही, दरपत्रक तसंही नवीन सीझनला बदलतंच, या वेळी बदलताना त्यावरची गॅरंटीची ओळ पुसा आणि दर पाहिजे तर पन्नास-शंभर रुपयांनी वाढवा. आणि आपण जे जातो त्यांनी बोट ठरवताना 'डॉल्फिन दिसतील ना नक्की?' हा प्रश्न सोडून 'लांबून दाखवाल ना?' असं विचारायचं, आणि जो हो म्हणेल त्याच्याच बोटीत बसायचं, शेजारचा पन्नास रुपये कमी सांगत असला तरी.